वाचकांचे प्रश्न : लहानपणीचा डायनासोर, मोठेपणी

मे महिन्यात चाकरमानी गावी येतात, माळ्यावरची खोकी खाली उतरतात आणि त्यांत जुन्या व्हिडिओ कॅसेट निघतात. यंदा ‘ज्युरासिक पार्क’बद्दल बरीच पत्रं आली. १९९३ सालचा हा चित्रपट आपल्याकडे १९९४ मध्ये हिंदीतून आला. तेव्हा शाळेत असलेली पिढी आता आपल्या मुलांना तो दाखवू पाहते आहे. निवडक प्रश्नांना इथे उत्तरं देत आहोत.

प्रश्न : लहानपणी हा चित्रपट पाहिल्यावर कित्येक रात्री एकट्यानं परसात जायची हिंमत होत नव्हती. परवा नव्या मोठ्या टीव्हीवर लावला, तर डायनासोर वरून चिकटवल्यासारखे दिसले आणि सगळंच एखाद्या मालिकेसारखं गुळगुळीत वाटलं. चित्रपट जुना झाला की आम्हीच निर्ढावलो?
— एक वाचक, मालवण

दोष बहुतांशी टीव्हीच्या सेटिंगचा आहे आणि तो दहा मिनिटांत दूर होतो.

चित्रपट सेकंदाला २४ चौकटी या वेगानं चित्रित झाला आहे. नवे टीव्ही दोन चौकटींच्या मध्ये स्वतः तयार केलेल्या चौकटी घुसवतात, त्यामुळे हालचाल नको तेवढी सरळसोट दिसते. हे आधी बंद करा. सोनीमध्ये याला ‘मोशनफ्लो’ म्हणतात, एलजीमध्ये ‘ट्रूमोशन’, सॅमसंगच्या बऱ्याच संचांत ‘ऑटो मोशन प्लस’. मग पिक्चर मोड ‘व्हिव्हिड’वरून काढून ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर’वर न्या. शार्पनेस अगदी खाली आणा. वीज वाचवण्यासाठी किंवा खोलीतल्या उजेडानुसार आपोआप प्रकाश बदलणारी सोय असेल तर तीही बंद करा. शेवटी खोलीतली ट्यूबलाइट घालवा. या चित्रपटासाठी अंधार फारच महत्त्वाचा आहे.

कारण असं, की १२७ मिनिटांच्या या चित्रपटात डायनासोर दिसतात ती जेमतेम पंधरा मिनिटं. त्यातलं संगणकावर बनवलेलं काम सहा मिनिटांच्या आसपास आहे. बाकीचे डायनासोर स्टॅन विन्स्टन यांच्या कार्यशाळेतले यांत्रिक पुतळे किंवा पोशाखात शिरलेली माणसं. टी. रेक्स कुंपण तोडून बाहेर येतो तोवर पहिला तास उलटलेला असतो. तो येतो रात्री, मुसळधार पावसात. जवळून दिसतो तो सुमारे १२ मीटर लांबीचा, द्रवदाबावर हलणारा पुतळा. त्याची कातडी फोमरबरची होती. ती पावसाचं पाणी शोषून जड व्हायची आणि पुतळा थरथरू लागायचा, म्हणून दोन शॉटच्या मध्ये त्याला टॉवेलांनी पुसून कोरडा करावा लागे. अख्खा प्राणी चालताना दिसतो तेव्हा तो संगणकावरचा असतो. या दोहोंमधला सांधा चित्रपटकर्त्यांनी अंधारात आणि पावसात लपवला आहे. ‘व्हिव्हिड’ मोड नेमका तो अंधारच उजळतो आणि सांधा उघडा पडतो.

दिवसाउजेडातल्या दृश्यांची गोष्ट वेगळी. सुरुवातीचा ब्रॅकिओसॉरस आणि माळावर पळणारा गॅलिमिमसचा कळप यांचं वय सेटिंग सुधारल्यावरही थोडं जाणवेल. ते स्वीकारून पाहावं. तरी रानातल्या पानांमागून ती लांब मान वर येते तेव्हा आधी माणसांचे चेहरे दाखवले आहेत आणि प्राणी नंतर, हे लक्ष देऊन पाहा. लहानपणी नुसता प्राणीच पाहिलेला असतो.

दुसरी अर्धी बाजू आवाजाची. या चित्रपटाला तीन ऑस्कर मिळाली, त्यांतली दोन ध्वनीसाठी होती. टी. रेक्सच्या हल्ल्यात पार्श्वसंगीत नाहीच. आहे तो पाऊस, पत्रा चेपल्याचा आवाज आणि डरकाळी. गॅरी राइडस्ट्रॉम यांनी ही डरकाळी हत्तीचं पिल्लू, वाघ आणि मगरीच्या जातीतला अ‍ॅलिगेटर यांचे आवाज मिसळून तयार केली. पावलांचा धप्प आवाज इतका खालच्या पट्टीतला आहे, की चपट्या टीव्हीच्या तळाशी बसवलेले छोटे स्पीकर तो काढूच शकत नाहीत. पेल्यातल्या पाण्यावर उठणारी वर्तुळं तुम्हाला दिसतात, पण ती उठवणारा हादरा पोहोचत नाही. (चित्रीकरणात ती वर्तुळं गाडीच्या डॅशबोर्डखाली गिटारची तार बसवून, ती छेडून काढली होती.) सबवूफर असलेला साउंडबार लावा. सबवूफर चिऱ्याच्या भिंतीच्या कोपऱ्याजवळ ठेवला की खर्ज वाढतो. पडवीला पत्रा असेल तर तो थडथडणार, म्हणून शक्य तर आतल्या खोलीत बसा. साउंडबार नसेल तर कान पूर्ण झाकणारे हेडफोन लावा, तेही टीव्हीपेक्षा कितीतरी बरे.

प्रश्न : माळ्यावर या चित्रपटाची हिंदी कॅसेट सापडली. खिडकीतून पाहिलं तर फितीच्या गुंडाळीवर पांढरी भुकटी आहे. ओळखीच्यांकडे चालू व्हीसीआर आहे. लावून पाहू का?
— एक वाचक, चिपळूण

मुळीच लावू नका. ती बुरशी आहे. आपल्याकडे पावसाळ्याचे चार महिने हवा सतत दमट असते. फितीवरचा चुंबकीय थर ज्या चिकट द्रव्यानं बसवलेला असतो ते ओल धरतं आणि त्यावर बुरशी वाढते. अशी कॅसेट लावली तर फितीचे वेढे एकमेकांना चिकटून फीत फाटते, आणि भुकटी व्हीसीआरच्या फिरत्या ड्रमवर बसून पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. म्हणजे ओळखीच्या माणसाचा संचही जातो.

आधी ठरवा, की कॅसेट वाचवायची कशासाठी. फक्त चित्रपट असेल तर आमचा सल्ला ती पिशवीत बांधून टाकून देण्याचा आहे. व्हीएचएसचं चित्र आडव्या दिशेनं साधारण २४० रेषांचं, आणि भाड्यानं फिरलेल्या कॅसेटमध्ये तेही उरलेलं नसतं. २०१८ मध्ये याची ‘फोर-के’ डिस्क निघाली आहे, तिच्यापुढे कॅसेटमध्ये काही नाही. पण त्याच फितीवर शेवटी कुणी घरचं लग्न किंवा गणपती टेप करून ठेवला असेल, तर मेहनत जरूर घ्या.

काम अंगणात, नाकातोंडाला मास्क लावून करा. ओली बुरशी पसरते, म्हणून पहिली पायरी वाळवण्याची. घट्ट झाकणाच्या डब्यात कॅसेट उभी ठेवा आणि सोबत शंभरेक ग्रॅम सिलिका जेल कापडी पुरचुंडीत ठेवा. दोन-तीन आठवडे डबा सावलीतच असू द्या. रंग बदलणारं जेल घेतलं तर ओल किती ओढली ते कळतं. रंग पालटला की ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर तापवून ते पुन्हा वापरता येतं. कॅसेट मात्र उन्हात किंवा ओव्हनमध्ये ठेवू नका, फीत वाकडी होते. डांबरगोळ्याही ठेवू नका, त्यांच्या वाफेनं काही प्रकारचं प्लॅस्टिक मऊ पडतं.

वाळल्यावर बुरशी कोरडी आणि भुरभुरीत होते. कॅसेटच्या तळाचे पाच स्क्रू काढा, तळ खाली ठेवूनच वरचं झाकण अलगद उचला आणि फीत कोणत्या खुंट्यांवरून गेली आहे त्याचा आधी मोबाइलवर फोटो काढा. हे विसरलं की सगळं अडतं. गुंडाळीच्या कडा मऊ ब्रशनं, बाहेरच्या बाजूला झटकत साफ करा. मग दोन्ही रिळं एखाद्या स्वच्छ, निकामी कॅसेटच्या खोक्यात बसवा. जुनं खोकं फेकून द्या, कारण कोपऱ्यांतली भुकटी निघत नाही. नंतर कॅसेट एकदा पूर्ण पुढे आणि एकदा मागे गुंडाळून घ्या म्हणजे ताण सारखा होतो. हे सगळं करूनही ती चालेल एकदाच असं धरून चाला आणि त्याच वेळी संगणकावर उतरवून घ्या. त्यासाठी पिवळी, पांढरी आणि लाल पिन घेणारं यूएसबी कॅप्चर उपकरण लागतं. नोंद ७२० बाय ५७६ आकारात, सेकंदाला २५ चौकटींनी करा. शेवटी व्हीसीआरचा ड्रम आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या शॅमी चामड्यानं पुसा. चामडं स्थिर धरून ड्रम हातानं फिरवायचा. वर-खाली घासलं तर हेड तुटतं.

२०२१ च्या पुरात बुडालेल्या आणि आत गाळ वाळलेल्या कॅसेट घरी उघडू नयेत. गाळाचे कण फितीवर ओरखडे काढतात. त्या फीत दुरुस्त करणाऱ्या जाणकाराकडेच द्याव्यात.

प्रश्न : मे महिन्यात वाडीतल्या मुलांना खळ्यात पडदा लावून हा चित्रपट दाखवायचा आहे. प्रोजेक्टर मिळेल. काय काळजी घ्यावी?
— एक वाचक, गुहागर तालुका

पहिली गोष्ट परवानगीची. घरच्या माणसांनी घरात पाहणं वेगळं आणि वाडीचा जाहीर कार्यक्रम वेगळा. प्रवेश फुकट असला तरी जाहीर प्रदर्शनासाठी हक्क असलेल्या कंपनीचा किंवा तिच्या वितरकाचा लेखी परवाना लागतो. ओटीटीचं सभासदत्व घरगुती वापरापुरतंच असतं. हे काम महिनाभर आधी हाती घ्या.

मग वेळ. आपल्या किनाऱ्यावर मे महिन्यात सूर्य सातच्या सुमारास बुडतो, पण पडद्यापुरता अंधार पावणेआठला होतो. या चित्रपटाचं पहिलंच दृश्य रात्रीचं, पिंजऱ्याभोवतीचं आहे. संधिप्रकाशात सुरू केलात तर पडद्यावर काहीच दिसणार नाही. दुसऱ्या टोकाला रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपकाला बंदी आहे. १२७ मिनिटांचा हिशेब धरला तर पावणेआठला सुरू करून, मध्यंतर न घेता, दहाच्या आत उरकतं. भाषणं आणि सत्कार आदल्या दिवशी उरकून घ्या.

पडदा आठ फूट रुंद आणि साडेचार फूट उंच पुरे. पांढऱ्या लठ्ठ्याचे दोन थर एकत्र शिवा आणि मागे काळं कापड लावा. एका थरातून बराच उजेड मागे निघून जातो. मांजरपाट पिवळसर असतो, तो टाळा. घराची चुना लावलेली सपाट भिंत असेल तर पडद्यापेक्षा ती चांगली, कारण आपल्याकडचा खरा शत्रू वारा आहे. खारा वारा संध्याकाळीही वाहत असतो आणि छत्तीस चौरस फुटांचं कापड शिडासारखं फुगतं. म्हणून पडदा घराच्या आडोशाला लावा. पोफळीचे दोन वासे जमिनीत दोन फूट गाडा, कडेला फुटाफुटावर धातूच्या कड्यांची भोकं (आयलेट) पाडा आणि सुतळीऐवजी सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांनी बांधा. रबर ताणलं जातं आणि परत येतं, त्यामुळे झोत आला तरी कापड फाटत नाही. खालच्या कडेला नेफा शिवून त्यात लोखंडी नळी घाला.

प्रोजेक्टरवर लिहिलेले ‘ल्युमेन’ पारखून घ्या. ‘एएनएसआय’ असं लिहिलेले २००० ते ३००० ल्युमेन हवेत. नुसता मोठा आकडा छापलेली स्वस्त यंत्रं उघड्यावर फिकी पडतात. सामान्य भिंगाचा प्रोजेक्टर आठ फुटी चित्रासाठी बारा फुटांच्या आसपास ठेवावा लागतो. तो तिरपा ठेवून ‘कीस्टोन’नं चित्र चौकोनी करू नका, त्यात स्पष्टता जाते. स्टुलाची उंचीच बदला.

विजेचा हिशेब आधी मांडा, कारण मे महिन्यात वळवाची एक सर आली की लाइट जाते. प्रोजेक्टर २५० वॅट, स्पीकर ७५ आणि लॅपटॉप ५० धरला तर ३७५ वॅट होतात. दोन तास सात मिनिटांना सुमारे ७९० वॅट-तास, आणि इन्व्हर्टरमधली गळती धरून ९३० च्या आसपास. १२ व्होल्ट, १५० अ‍ॅम्पिअर-तासांच्या बॅटरीत १८०० वॅट-तास असतात, पण तिचा निम्म्याहून जास्त उपसा करू नये. म्हणजे ९०० मिळतात आणि थोडे कमी पडतात. प्रोजेक्टर ‘इको’ मोडवर ठेवला की तो ५०-एक वॅट कमी ओढतो आणि काम भागतं. त्या वेळी घरातले पंखे इन्व्हर्टरवर नकोत. इन्व्हर्टरचं बटण ‘यूपीएस’ मोडवर असू द्या. नाहीतर लाइट जाऊन बॅटरी सुरू होईपर्यंतच्या क्षणात दिव्याचा प्रोजेक्टर बंद पडतो, आणि तापलेला दिवा गार झाल्याशिवाय पुन्हा लागत नाही. तेवढ्यात मुलं उठून पांगतात.

उघड्यावर खर्ज विरून जातो. सबवूफर घराच्या जोत्याला टेकवून जमिनीवर ठेवा आणि मुख्य स्पीकर पडद्याच्या दोन बाजूंना, बसलेल्या मुलांच्या कानांच्या उंचीवर ठेवा. आदल्या दिवशी पाऊस झाला असेल तर वाळवीची पाखरं उजेडावर येणारच. पंचवीस-तीस पावलांवर, पडद्याच्या मागच्या दिशेला, एक उघडा पांढरा बल्ब लावून ठेवा म्हणजे बरीचशी तिकडे जातात.

आणि मे हुकला तर गणपतीत, आरत्या झाल्यावर, ओटीवरच घरच्यांपुरता लावा. बाहेर खरा पाऊस पडत असताना या चित्रपटाला जे रूप येतं ते उन्हाळ्यात येत नाही.

प्रश्न : हिंदीत पाहावा की इंग्रजीत? शिवाय मी पेटी वाजवतो. यातली मुख्य धून आता किंचित खाली उतरल्यासारखी वाटते, हा भास आहे का?
— एक वाचक, देवगड

भास नाही. आपल्याकडच्या ‘पाल’ या टीव्ही-पद्धतीच्या कॅसेटवर चित्र सेकंदाला २५ चौकटींनी चालायचं आणि मूळ चित्रपट २४ चा आहे. त्यामुळे कॅसेटवर तो चार टक्के वेगानं पळायचा, १२७ मिनिटांचा १२२ मध्ये संपायचा, आणि सगळे आवाज अर्ध्या सुरापेक्षा जरा कमी, म्हणजे पुढच्या पट्टीपर्यंत न पोहोचणारे, असे चढे ऐकू यायचे. जॉन विल्यम्स यांनी बांधलेली धून मूळ पट्टीत आहे ती आत्ता ऐकता तीच.

भाषेबद्दल आमचं मत स्पष्ट आहे. लहानपणी हिंदीत पाहिला असेल तर पहिल्यांदा हिंदीतच पाहा. डबिंगमध्ये फक्त संवाद बदलतात, डरकाळ्या, पाऊस आणि संगीत मूळचंच राहतं. दुसऱ्या वेळी इंग्रजीत पाहा, तेव्हा गणितज्ञ माल्कमच्या बोलण्यातली तिरकी धार कळेल.

प्रश्न : मुलगी सहा वर्षांची आहे. दाखवावा का?
— एक वाचक, हर्णै

अजून दोन-तीन वर्षं थांबा. भीती रक्ताची नाही, वाट पाहायला लावण्याची आहे आणि लहान मुलांना ती जास्त झोंबते. दाखवायचाच असेल तर दिवसा, पहिला तासभर दाखवा. गाड्या कुंपणापाशी बंद पडतात तिथे थांबवा. पुढे बकरीचा तुटलेला पाय, वकिलाचा मृत्यू, वीजघरातला तुटका हात आणि स्वयंपाकघरातला पाठलाग येतो.

प्रश्न : शाळेत चित्रपटावर चर्चा घ्यायची आहे. त्यातलं विज्ञान आज कितपत टिकतं? दुसरं असं, की एका विद्यार्थ्याला सड्याखालच्या वहाळात अंड्यासारखा गोल दगड मिळाला आहे. ते डायनासोरचं अंडं असू शकेल का?
— एक शिक्षिका, राजापूर

राळेत (झाडाच्या दगड झालेल्या डिंकात) अडकलेल्या डासाच्या पोटातल्या रक्तातून डायनासोरचा डीएनए मिळवण्याची कल्पना टिकत नाही. मोआ या नामशेष पक्ष्याच्या हाडांवरचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार त्या हाडांतला डीएनए दर ५२१ वर्षांनी निम्मा तुटतो. डायनासोर संपून ६ कोटी ६० लाख वर्षं झाली. शिवाय चित्रपटात राळेची खाण डॉमिनिकन रिपब्लिकमधली दाखवली आहे. तिथली राळ डायनासोर संपल्यानंतर कोट्यवधी वर्षांनी तयार झालेली आहे. ही चूक मुलांना स्वतः शोधायला द्या, नकाशा आणि कालपट दोन्ही उघडावे लागतील.

खरा व्हेलोसिरॅप्टर मंगोलियातला, कंबरेपाशी अर्ध्या मीटरच्या आसपास उंच. २००७ मध्ये त्याच्या हाताच्या हाडावर पिसांची मुळं रुतण्याच्या खुणा सापडल्या, म्हणजे त्याला पिसं होती. चित्रपटातला प्राणी आकारानं डायनोनिकस या त्याच्या मोठ्या नातेवाइकाच्या जवळचा आहे. डायलोफोसॉरसला गळ्याची झालर होती किंवा तो विष थुंकायचा याला जीवाश्मांत पुरावा नाही, आणि तो चित्रपटात दाखवला त्याहून बराच मोठा, सहा-सात मीटर लांब होता. टी. रेक्सचे डोळे समोर रोखलेले होते आणि नजर तीक्ष्ण असावी, तेव्हा न हलता उभं राहून कुणी वाचलं नसतं. टी. रेक्स ज्युरासिक काळातला नाहीच, तो त्यानंतरच्या क्रिटेशस काळाच्या शेवटचा आहे. उलट एका गोष्टीत चित्रपट काळाच्या पुढे होता. डायनासोर आणि पक्षी यांचं नातं १९९३ मध्ये सामान्य प्रेक्षकाला त्यानंच सांगितलं. आणखी एक, ज्या त्रिमितीतल्या संगणक-पडद्यावर सगळे हसतात तो खरा होता. सिलिकॉन ग्राफिक्स कंपनीचा फाइली दाखवणारा प्रोग्राम होता तो.

आता दगड. बहुधा नाही, आणि कारण कोकणाच्या जमिनीत आहे. आपल्या पायाखाली आहे तो मुख्यतः लाव्हारसाचा काळा पाषाण आणि त्याच्या झिजेतून झालेला जांभा. लाव्ह्यात अंडं टिकत नाही. डायनासोरचे अवशेष मिळतात ते गाळाच्या खडकात. महाराष्ट्रात त्यासाठी चंद्रपूर जिल्ह्यातलं पिसदुरा आणि डोंगरगाव, गुजरातेत बालासिनोरजवळचं रैयोली. मध्य प्रदेशात धार जिल्ह्यात सापडलेल्या ९२ घरट्यांतल्या २५६ अंड्यांचा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला, तीही लाव्ह्याखालच्या चुनखडीयुक्त गाळातली आहेत. कोकणपट्टीत त्या काळाच्या सर्वांत जवळ नेणारी जागा मुंबईतली वरळी आहे. तिथे लाव्ह्याच्या दोन थरांमधल्या गाळात बेडकांचे जीवाश्म मिळाले होते.

काळ्या पाषाणात भेगांवाटे पाणी शिरलं की तो कोपऱ्यांकडून झिजून गोल होतो आणि त्याचे पापुद्रे सुटतात. तुमच्या विद्यार्थ्याचा दगड बहुधा यातलाच. तपासणी सोपी आहे. भिंगातून पृष्ठभाग पाहा. अंड्याचं कवच एक ते तीन मिलिमीटर जाडीचं, एकच आणि बारीक छिद्रांचं असतं. नखानं तपकिरी पापुद्रे एकाखाली एक निघत गेले आणि आत घट्ट काळा गाभा लागला, तर तो झिजलेला पाषाण. आतून पोकळ आणि पांढऱ्या-हिरवट स्फटिकांनी भरलेला निघाला, तर लाव्ह्यातल्या वायूच्या बुडबुड्यात नंतर खनिजं साचलेली आहेत. हातोडा मारण्याआधी दगड नेमका कुठे, वहाळाच्या कोणत्या काठाला आणि किती खोल होता ते विद्यार्थ्याकडून वहीत लिहून घ्या, शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढा. छिद्रांचं कवच खरोखरच दिसलं तर तो फोडू नका. फोटो आणि ती नोंद भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाकडे पाठवा.